पिवळी प्रत

चाकणच्या गेटवर त्या दिवशी सकाळी अकरा टेम्पो उभे होते आणि एकाचंही चलान, म्हणजे मालासोबत जाणारा कागद, निघत नव्हतं. रस्त्याच्या कामात जेसीबीने कुठेतरी फायबर तोडली होती. मुंबईच्या डेटा सेंटरमधला आमचा सर्व्हर ठणठणीत होता, गेटवरचा कॉम्प्युटर चालू होता, प्रिंटरमध्ये कागद होता. बंद होतं ते फक्त यांचं आपसातलं बोलणं. आणि मुंबईने नंबर दिल्याशिवाय गेटवर चलान छापायचंच नाही, अशी सिस्टिम आम्ही मोठ्या अभिमानाने बांधली होती.

पावणेदहाला गेटवरच्या काकांनी ड्रॉवर उघडला, तळाशी ठेवलेलं जुनं चलानबुक काढलं, दोन कार्बन सरळ केले आणि लिहायला बसले. साडेदहापर्यंत रस्ता मोकळा झाला. मी त्या वेळी बाणेरच्या ऑफिसात बसून डॅशबोर्डवरचे लाल ठिपके मोजत होते. गेटवर काय झालं ते मला दुपारी फोनवर कळलं. २०२२ चा जुलै होता आणि सिस्टिम लाइव्ह होऊन तीनच दिवस झाले होते.

आधी कामाबद्दल थोडं. कंपनी दुचाकींचे सुटे भाग बनवते: पिना, बुश, शाफ्ट. नाव सांगत नाही. भोसरीला जुना कारखाना, चाकणला नवा, तिसरा वाळूजला. पण माल या तिन्हींच्या आत कधीच पुरा होत नाही. टर्निंग एकाकडे, हीट ट्रीटमेंट दुसऱ्याकडे, ग्राइंडिंग तिसऱ्याकडे, प्लेटिंग चौथ्याकडे. साठेक जॉबवर्कवाले, त्यांतले निम्मे एका शेडमध्ये चार मशिनं टाकून बसलेले. एक पिन पॅकिंगला पोचेपर्यंत सात-आठ वेळा गेटमधून आत-बाहेर करते. प्रत्येक फेरीला चलान, गेट एन्ट्री, इन्स्पेक्शन, कुणाची तरी मंजुरी. शिवाय डोक्यावर कायदा. जॉबवर्कला गेलेला कच्चा माल जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे वर्षभरात परत यायला हवा, भांडवली वस्तू तीन वर्षांत. नाही आला, तर पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर बसतो. त्यामुळे कुठला नग कुणाकडे किती दिवस पडलाय हे कळणं ही नुसती शिस्तीची बाब नाही, पैशाची आहे. हे सगळं वह्या, एक्सेल आणि फोनवर चाललं होतं. ते ‘एकसंध’ करायचं काम आमच्या सॉफ्टवेअर टीमकडे आलं.

पहिलं डिझाइन मी केलं, त्यामुळे त्याची मापं मीच काढते. मध्ये एक पोस्टग्रेस डेटाबेस, सगळ्या गेटांवरून त्यालाच जोडणी, चलानाचे नंबर एकाच ठिकाणाहून चढत्या क्रमाने. आमची सिस्टिम आणि कारखान्याचं ईआरपी (साठा-खरेदी-हिशेबाचं सॉफ्टवेअर) यांच्यात टू-फेज कमिट: दोघांनाही आधी ‘तयार आहेस का’ विचारायचं, दोघं हो म्हणाले की मगच ‘लिही’ म्हणायचं. व्हाइटबोर्डवर इतकं देखणं दिसत होतं की कुणीतरी फोटोही काढला. व्यवहारात दोघं ‘तयार’ म्हणून, आपापल्या नोंदी कुलूपबंद करून उभे राहायचे, आणि ‘लिही’ म्हणणाराच लाइन गेल्यामुळे गायब व्हायचा. मग स्टोअरमधून फोन: “मॅडम, ती पिन उचलताच येत नाहीये, कुणीतरी धरून ठेवलीये.” धरून ठेवणारे आम्हीच.

१९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना पीटर डॉइच यांनी गैरसमजांची एक यादी केली होती. वितरित सिस्टिम, म्हणजे अनेक ठिकाणच्या मशिनी जोडून चालणारी सिस्टिम, बांधणारे नवखे लोक मनात काय काय गृहीत धरतात, त्याची. त्यातला पहिला गैरसमज: नेटवर्क भरवशाचं असतं. ही यादी मी मुलाखतींमध्ये पोरांना विचारत आले आहे. आणि स्वतः बाणेरमध्ये बसून, दोन फायबर आणि एक जनरेटर असलेल्या इमारतीत, पहिलाच गैरसमज पायाला धरून घर बांधलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

फायबरच्या त्या प्रकारानंतर आठवड्याने मी चाकणच्या गेटवर जाऊन तीन दिवस बसले. केबिन दहा बाय आठ, वर पंखा, खिडकीतून ड्रायव्हरचा हात कागदासकट आत येणार. काका निवृत्तीला आलेले. मला ‘ताई’ म्हणायचे, आणि माझ्या लॅपटॉपकडे पाहुण्याच्या लहान मुलाकडे बघावं तसं कौतुकाने, पण अंतर राखून बघायचे.

ऑफलाइन चलानाचा उपाय मी घेऊनच गेले होते. प्रत्येक चलानाला यूयूआयडी द्यायचा. हा छत्तीस अक्षरांचा नंबर कुठल्याही मशिनवर, कुणालाही न विचारता तयार होतो आणि दोन ठिकाणी सारखा निघण्याची शक्यता जवळपास शून्य. एक नमुना छापून काकांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद लांब धरला.

“ताई, ड्रायव्हर मला फोनवर हा नंबर कसा सांगणार?”

मी म्हटलं, सांगायची गरजच नाही, स्कॅन होईल.

“टेम्पो नाशिक फाट्याला बंद पडल्यावर कोण स्कॅन करणार?” मग ड्रॉवरमधून दोन चलानबुकं काढून माझ्यापुढे ठेवली. एकावर ‘गेट १’, दुसऱ्यावर ‘गेट २’. “हे माझं. हे पलीकडच्या गेटचं. माझा चारशे बारा नंबर, त्याचाही चारशे बारा असेल. पण माझ्या नंबराच्या आधी एक आहे, त्याच्या आधी दोन. वीस वर्षांत मी त्याला फोन करून तुझा शेवटचा नंबर किती, असं विचारलेलं नाही.”

त्या संध्याकाळी घरी जाऊन जीएसटीचा नियम ५५ नीट वाचला. डिलिव्हरी चलानाला अनुक्रमांक हवा, सोळा अक्षरांपेक्षा मोठा नको, आणि तो एका किंवा अनेक मालिकांमध्ये चालतो. अनेक मालिका! मी महिनाभर ‘सगळ्या कंपनीत एकच क्रम’ ही अट धरून झुंजत होते आणि ती अट कुणी घातलीच नव्हती. कायद्याने नाही, ग्राहकाने नाही. माझ्या डोक्यातल्या नीटनेटकेपणाने घातली होती. नवा नंबर मग असा ठरला: गेटची तीन अक्षरी खूण, आर्थिक वर्ष, पाच आकडी क्रमांक. तिरक्या रेघा धरून पंधरा अक्षरं. ड्रायव्हरला फोनवर सांगता येतो. प्रत्येक गेटच्या कॉम्प्युटरवर छोटा एसक्यूलाइट डेटाबेस ठेवला, नंबर तिथेच पडायला लागले. मुंबईला नंतर सावकाश कळतं. यूयूआयडी टाकून दिला नाही, पण तो आत गेला, माणसांच्या नजरेआड. त्याचं खरं काम पुढे निघालं.

एरिक ब्रूअर यांनी २०००मध्ये मांडलेला आणि गिल्बर्ट-लिंच यांनी २००२मध्ये सिद्ध केलेला कॅप सिद्धांत आमच्या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ असतो. संपर्क तुटला की दोनांतलं एक सोडावं लागतं. एक तर सगळीकडे एकच ताजा आकडा दिसेल, नाही तर प्रत्येक ठिकाणी काम चालू राहील. तोंडपाठ असणं वेगळं आणि स्टोअरच्या साहेबांसमोर बसून एकेक पडद्याबद्दल ‘इथे शिळा आकडा दिसला तर काय बिघडेल?’ असं विचारणं वेगळं. याची मला सर्वांत जास्त मजा आली. गेटवरून माल बाहेर: शिळा चालेल, टेम्पो थांबता कामा नये. वाळूजचा साठा भोसरीत दिसणं: अर्धा दिवस शिळा असला तरी चालेल, तसाही टेम्पो तिथून इथे यायला चार-पाच तास घेतो. ग्राहकाला जाणाऱ्या मालाचा इन्स्पेक्शन शेरा: अजिबात नाही, होल्डवरचा, म्हणजे तपासणीत अडवलेला, लॉट गेला तर दंड बसतो. जॉबवर्कवाल्याचं बिल मंजूर करणं: संपर्क नसेल तर थांबा, एक दिवस उशीर झाल्याने कुणी मरत नाही. (या शेवटच्या उत्तरावर प्लेटिंगवाल्या शेठचं मत वेगळं होतं, ते त्यांनी ऐकवलंही.) म्हणजे सगळ्या सिस्टिमला मिळून एक उत्तर नव्हतंच. प्रत्येक कागदाचं उत्तर वेगळं, आणि ते आमच्याकडे नव्हतं, त्यांच्याकडे होतं. फक्त त्यांना तसं कुणी विचारलं नव्हतं.

आता त्या शेठचीच गोष्ट. दुसरी आवृत्ती चालू होऊन पंधरा दिवस झाले असतील. त्यांच्याकडून परत आलेल्या १,२०० पिना आमच्या पडद्यावर २,४०० झाल्या. त्यांनी थेट मला फोन लावला: “ताई, तुमच्या कॉम्प्युटरात पिनांना पिल्लं होतात का? होत असतील तर बिलही दुप्पट लावतो.”

झालं होतं असं. गेटवरून नोंद मुंबईला गेली. मुंबईने लिहून घेतली आणि ‘मिळाली’ असं उत्तर पाठवलं. ते उत्तर वाटेत हरवलं. गेटने वाट पाहिली, उत्तर नाही म्हणून तीच नोंद पुन्हा पाठवली. मुंबईला वाटलं, दुसरा माल आला. ज्याने कधीकाळी रजिस्टर एडीने पत्र पाठवलंय त्याला हे लगेच कळेल. पोचपावतीचं कार्ड परत आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं नाही असं नाही. पत्र पोचलं आणि कार्ड हरवलं असंही असू शकतं. पाठवणाऱ्याला या दोहोंतला फरक कळायचा कुठलाही मार्ग नाही. त्याला पुन्हा पाठवावंच लागतं. त्यामुळे ‘हे पत्र मी आधी वाचलंय’ हे ओळखणं घेणाऱ्याचं काम होतं. यूयूआयडी तिथे कामी आला. चलान लिहितानाच गेटवर तो पडतो, कितीही वेळा पाठवलं तरी तोच राहतो. मुंबई आधी बघते: हा आलाय का? आला असेल तर काही न करता फक्त ‘मिळालं’ म्हणते.

तेवढ्याने भागलं नाही. चलान लिहिलं गेलं, पण पाठवायच्या आत वीज गेली तर? म्हणून चलान आणि ‘हे पाठवायचंय’ ही चिठ्ठी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायला लागलो. दोन्ही लिहिली जातील किंवा एकही नाही. वीज आली की एक छोटा प्रोग्रॅम उरलेल्या चिठ्ठ्या गोळा करून पाठवत बसतो. याला आमच्यात आउटबॉक्स म्हणतात. आधी या जागी आम्ही काफ्का, म्हणजे निरोपांची प्रचंड वाहतूक पेलणारं सॉफ्टवेअर, बसवलं होतं, मला वाटतं मुख्यतः स्वतःच्या बायोडेटासाठी. दिवसाला हजारभर चलानांना त्याची काय गरज? एका टेबलात काम झालं. काफ्का काढलं तेव्हा टीममधला एक मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

घड्याळाचा घोळ भोसरीला झाला. तिथे गुरुवारी औद्योगिक सुट्टी असते, दुरुस्तीसाठी वीजही त्याच दिवशी जाते. एका शुक्रवारी सकाळी गेटचा कॉम्प्युटर उठला तो थेट १ जानेवारी २००९ला. मदरबोर्डवरचा सीआर २०३२, तो नाण्याएवढा सेल, संपला होता. वेळ दुरुस्त करून घ्यायला इंटरनेट लागतं आणि सुरक्षेच्या नावाखाली गेटवरच्या मशिनींचं मुंबईच्या सर्व्हरपलीकडचं इंटरनेट आम्हीच बंद केलं होतं. दिवसभर ३७ चलानं २००९च्या तारखेने निघाली. रात्री कलम १४३ ची मुदत तपासणारा प्रोग्रॅम उठला, त्याला तेरा वर्षांपूर्वी गेलेला आणि परत न आलेला माल दिसला, आणि त्याने मालकांपासून जॉबवर्कवाल्यांपर्यंत सगळ्यांना कडक भाषेत मेल पाठवले. जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ला. त्याच्या साडेआठ वर्षं आधीपासून कलम १४३ लावणारे देशात आम्ही पहिलेच असू.

वेगवेगळ्या मशिनींच्या घड्याळांवर विश्वास ठेवून घटनांचा क्रम लावू नका, हे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८मध्येच लिहून ठेवलंय. कुठली घटना कुठल्या घटनेच्या आधी घडलीच असली पाहिजे, तेवढं बघा. आमच्याकडे तो क्रम आधीपासूनच होता, कागदावर. एका गेटच्या मालिकेत ४११ हा ४१२ च्या आधीच असणार, मग घड्याळ काहीही म्हणो. तेव्हापासून गेटवरची तारीख मागच्या नंबरच्या तारखेपेक्षा मागे गेली की छपाईच थांबते आणि पडद्यावर ‘घड्याळ बघा’ असं येतं. गेटची वेळ, मुंबईला पोचल्याची वेळ आणि मालिकेतला नंबर, तिन्ही वेगळे साठवतो. सेल पन्नास रुपयांच्या आत आला.

रद्द करण्याच्या बटणाने आम्हाला सीए साहेबांपुढे उभं केलं. पहिल्या आवृत्तीत चलान रद्द केलं की ते सगळ्या ठिकाणांहून पुसलं जायचं. आम्हाला ते स्वच्छ वाटायचं. साहेबांनी आवाज न चढवता विचारलं, “४१७ नंतर एकदम ४१९ कसा? मधला कुठे गेला? अधिकाऱ्याने विचारलं तर मी काय सांगू, बटण दाबलं?” वहीत चलान रद्द होतं तेव्हा तिन्ही प्रती वहीतच राहतात, आडवी रेघ मारून वर ‘रद्द’ लिहिलेलं असतं. हिशेबाच्या वहीत तर खोडाखोड पापच. चुकीची नोंद तशीच ठेवून उलटी नोंद करायची. गार्सिया-मोलिना आणि सेलम यांनी १९८७मध्ये लांबलचक व्यवहारांसाठी ‘सागा’ मांडला, त्याचं सार हेच आहे. मोठा व्यवहार छोट्या पायऱ्यांत तोडायचा, मध्येच फसला तर झालेल्या पायऱ्या पुसायच्या नाहीत, प्रत्येकीची भरपाई करणारी उलटी पायरी चालवायची.

पण काही पायऱ्यांना उलटी पायरीच नसते. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीतून कडक होऊन आलेली पिन पुन्हा आधीसारखी होत नाही. आमच्या आकृतीत भट्टीची पायरी आणि माप तपासणीची मंजुरी शेजारी-शेजारी, एकाच वेळी चालणाऱ्या दाखवल्या होत्या. वेळ वाचतो म्हणून. एकदा ०.०५ मिलिमीटर जाड राहिलेला अख्खा लॉट भट्टीत गेला आणि मंजुरी नाकारल्याचा शेरा त्यानंतर वीस मिनिटांनी आला. टर्निंगवर पाच मिनिटांत निघाला असता तो जास्तीचा माल नंतर ग्राइंडिंगवर काढायला दोन दिवस गेले. आता भट्टीसारख्या प्रत्येक कामाच्या आधी सिस्टिम सगळ्या मंजुऱ्या गोळा होईपर्यंत थांबते. कुठलं काम ‘भट्टीसारखं’ ते सुपरवायझरच खूण करून ठरवतात.

मंजुऱ्यांबद्दल थोडक्यातच सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं यश नाही. बीपीएमएन या कामाचा ओघ दाखवायच्या पद्धतीच्या चौकटी-बाणांनी आम्ही सुंदर नकाशा काढला होता. त्यात ‘साहेब फोनवर हो म्हणाले’ यासाठी चौकट नव्हती. माल जायचा, आणि साहेब रात्री घरी जाऊन दिवसभराच्या मंजुऱ्या एका दमात दाबायचे. ४८ तासांत मंजुरी नाही तर वरच्या साहेबांना मेल, हा नियम गणपतीत अंगाशी आला. पर्चेसचे साहेब गावी कोकणात, रेंज नाही, आणि वरच्या साहेबांना पाच दिवसांत इतके मेल गेले की त्यांनी आमचा पत्ता स्पॅममध्ये टाकला. शेवटी ‘तोंडी मंजुरी, कुणाची, कुणी ऐकली’ अशी एक साधी नोंद ठेवली. ऑडिटवाल्यांना ती आवडली, कारण निदान ती खरी होती.

आणि जॉबवर्कवाल्यांनी आमचं ॲप शेवटपर्यंत घेतलं नाही. साठातल्या दहा-बाराजणांनी घेतलं असेल. बाकीचे चलानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि भोसरीच्या ऑफिसातली एक मुलगी तो बघून आकडे भरते. आर्किटेक्चरच्या आकृतीत तिच्यासाठी मी एक चौकोन काढला, तर टीममध्ये हशा पिकला. चौकोन मी ठेवला. तिच्या रजेच्या दिवशी काय होतं, हे त्या चौकोनाशिवाय समजत नाही.

महिन्याच्या शेवटी तिन्ही कारखाने आणि जॉबवर्कवाले यांचे आकडे ताडून बघायचा एक पडदा आहे. त्याला आम्ही ‘रिकन्सिलिएशन’ नाव दिलं होतं. काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “म्हणजे मेळ?” तेच नाव ठेवलं. मेळ दर महिन्याला पूर्ण बसतो असं नाही. मागे एकदा चौदा पिनांचा फरक आठवडाभर सतावत होता. आम्ही लॉग चाळून थकलो, त्या निघाल्या एका क्रेटच्या तळाशी, गोणपाटाखाली.

पुढच्या पावसाळ्यात चाकणची फायबर पुन्हा तुटली. सकाळपासून दुपारपर्यंत संपर्क नव्हता. मला हे दोन दिवसांनी लॉग बघताना कळलं, कारण कुणी फोनच केला नव्हता. गेटवर नंबर पडत राहिले, टेम्पो जात राहिले, दुपारी चिठ्ठ्या एकामागून एक मुंबईला पोचल्या. मी लॅपटॉप उघडून त्या रांगेकडे जरा वेळ बघत बसले, आणि तेवढ्यात गेटवरून फोन आला. छातीत धस्स झालं.

“ताई, ती पिवळी प्रत पुसट येतेय,” काका म्हणाले. पांढरी माल घेणाऱ्याला जाते, गुलाबी टेम्पोवाल्याकडे, पिवळी आपल्याकडे राहते. डॉट मॅट्रिक्सची रिबन झिजली होती. “बाकी काही नाही, पण आपल्याकडे राहणारीच वाचता येत नसेल तर काय उपयोग? दोन रिबन जास्तीच्या पाठवून द्या.”